अर्ध्या तासानं उमटणाऱ्या रेषा

हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. आधी ते वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं होतं, नंतर माझं कॉम्प्युटरचं झालं. गल्लीतल्या लोकांना एवढंच माहीत आहे. मधली दोन-तीन वर्षं, नव्वदच्या दशकातली, ते दुकान खरं तर माझ्या मोठ्या बहिणीच्या हातावर चाललं. हे मी फार उशिरा सांगायला लागलो.

आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती दहावीला होती तेव्हा बापूंची, म्हणजे आमच्या वडिलांची, नजर अधू झाली. बारीक तारा दिसेनात, सोल्डरचा थेंब भलतीकडंच पडायचा. दुकानाला मागं एक लहान खोली होती आणि मध्ये जुन्या साडीचा पडदा. बापू पुढं बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे, टीव्ही आत यायचा, आणि आत आक्का स्टुलावर बसून तो उघडायची. दुरुस्त झालेला टीव्ही बापू बाहेर नेऊन लावून दाखवायचे. मुलीनं दुरुस्त केलाय म्हटलं तर लोक परत येणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "बापू, तुमचा हात लागला की झालंच." बापू हसायचे. पडद्याआड आक्काही हसायची, म्हणून मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा शिरड शहापूरच्या एका शेतकऱ्यानं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. चालू केला की चित्र झकास, पण अर्ध्या तासानं चित्राला पीळ पडायचा आणि मग नुसत्या आडव्या पट्ट्या. आमच्याकडं आणून लावला की चांगला, घरी नेला की बिघडलेला. तो माणूस दोन खेपा घालून वैतागला होता. आक्कानं टीव्हीचं मागचं झाकण काढलं, टीव्ही चालू ठेवला आणि शेजारी नुसती बसून राहिली. मी विचारलं, "काय करून राहिली?"

"तापू देते," ती म्हणाली. "तापल्यावर जो बिघाड दिसतो तो थंड असताना कसा सापडंल?"

पट्ट्या आल्यावर तिनं वहीचा पुठ्ठा घेतला आणि एकेका भागाला बेतानं वारा घालत गेली. एका ठिकाणी वारा लागला आणि चित्र सरळ झालं. तिनं तेवढाच भाग बदलला. टीव्ही पुन्हा आला नाही.

बारावीनंतर आक्काचं लग्न झालं. स्थळ जवळा बाजारचं, कोरडवाहू जमीन, माणसं भली. जाताना तिनं दुकानातलं काहीच नेलं नाही. नेऊन तरी काय करणार होती, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मलाही. त्यानंतर बापूंनी टीव्ही घेणं हळूहळू कमी केलं. दुकान अर्धं रिकामं, अर्धं धुळीचं. मी आयटीआय केलं, नांदेडला हार्डवेअरचा कोर्स केला. तोवर हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून कॉम्प्युटर आले. बापू गेले त्या वर्षी मी पडदा काढून टाकला, पुढं काचेचं दार बसवलं, पाटी बदलली.

पुढं लॅपटॉप दिसायला लागले तेव्हा अख्ख्या गावात ते उघडायची हिंमत असलेला मी एकटाच होतो. ही हिंमत होती, ज्ञान त्या मानानं थोडं होतं. पण लोक "सर" म्हणायला लागले की माणसाला स्वतःतला हा फरक दिसेनासा होतो.

दोन हजार आठच्या आसपासचा उन्हाळा असेल. कळमनुरीच्या कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक लॅपटॉप घेऊन आले. चाळिशीतले, सडपातळ, बोलणं अगदी हळू. घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांच्या वस्तीतल्या बौद्ध बाया जात्यावर ज्या ओव्या म्हणायच्या, त्या गोळा करून ते पीएचडीचा प्रबंध लिहीत होते. सगळा प्रबंध त्या लॅपटॉपवर.

"चालू होतो, काम करतो," ते म्हणाले, "अन् मग स्क्रीनवर उभ्या रेषा येतात. आधी दोन-तीन, मग पावसासारख्या. मग काळं. बंद करून तासाभरानं लावला की पुन्हा बराबर."

हे ऐकून तेव्हाच माझ्या मनात काहीतरी हलायला हवं होतं. ते हललं नाही. मी लॅपटॉप चालू केला, झाकण पुढं-मागं करून पाहिलं, स्क्रीनच्या कडेला अंगठ्यानं दाबलं. दाबताना एकदा चित्र थरथरलं, आणि मी निकाल दिला, "स्क्रीन गेली."

वेगळा मॉनिटर जोडून बघायची साधी चाचणी असते. बाहेरच्या मॉनिटरवरही रेषा आल्या तर दोष स्क्रीनमध्ये नसतो, आतल्या ग्राफिक्सच्या चिपमध्ये असतो. दुकानातला मॉनिटर तेव्हा दुसऱ्या एका कॉम्प्युटरला लागलेला होता, तो काढावा लागला असता. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नाही.

स्क्रीन हैदराबादहून मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस प्राध्यापक सर कागदावर लिहीत राहिले. नवी स्क्रीन बसवून मी दहा मिनिटं चालवून दाखवली, ते खूश होऊन गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घामेघूम होऊन परत आले.

"सर, तीच गत," ते म्हणाले. मला सर म्हणणारा हा माणूस कॉलेजात शिकवत होता.

त्या वेळी आक्का माहेरी आलेली होती. मे महिना, आठ दिवसांसाठी आली होती. माझा डबा घेऊन ती दुकानात आली होती, आणि मी जेवल्यावर डबा धुऊन आतल्या दारापाशी उभी राहून ऐकत होती. सरांनी लॅपटॉप टेबलावर लावला. मी समोर बसून त्यांना ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, व्हायरस असलं काहीतरी सांगत होतो, कारण गप्प बसणं मला परवडणारं नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांत रेषा आल्या. आक्का पुढं आली, ओला हात पदराला पुसला आणि लॅपटॉपच्या खाली तळवा घातला.

"अरे, हे भाजून राहिलंय," ती म्हणाली. "ह्या डाव्या कोपऱ्यात जास्त. हात लावून बघ."

"लॅपटॉप तापतोच, आक्का."

"तापंना. पण ह्या जाळीतून हवा यायला पायजे ना? काहीच येऊन न्हाई राहिलं." मग तिनं सरळ सरांनाच विचारलं, "सकाळी चांगला चालतो का हो?"

"सकाळी तासभर चालतो," सर म्हणाले. "दुपारी लवकर जातो. अन् गादीवर ठेवून लिहायला बसलो की दहा मिनिटांत."

"मग त्यात स्क्रीनचा काय दोष?" आक्का म्हणाली.

सर हसले. ते माझ्यावर हसले नव्हते, आज मला पक्कं माहीत आहे. कोडं उलगडायला लागलं की माणूस हसतो तसं ते हसणं होतं. पण तीन आठवडे थांबायला लावून मी त्यांच्या लॅपटॉपला स्क्रीन बसवली होती, आणि बारावी शिकलेली माझी बहीण पदराला हात पुसून मला चुकीचं ठरवत होती.

मी म्हणालो, "आक्का, हा काही बापूंचा टीव्ही न्हाई. तू आत जा. सरांना चहा ठेव."

ती "व्हय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. चहा आणला, सरांच्या पुढं कप ठेवला, माझ्या पुढं ठेवला, रिकामा डबा उचलला आणि उन्हात घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती जवळा बाजारला परतली. आई म्हणाली, "आठ दिवसांसाठी आली व्हती, तिसऱ्याच दिवशी काहून चालली?" आक्का म्हणाली, शेतात काम आहे. मे महिन्यात शेतात कसलं काम असतं हे आईलाही माहीत होतं.

लॅपटॉप माझ्याकडंच होता. आक्का गेली त्याच दिवशी, दुपारची लाईट आल्यावर, मी काचेचं दार आतून लावून घेतलं. आधी मॉनिटर जोडला. पंचवीस मिनिटांत त्याच्यावरही तशाच रेषा. म्हणजे स्क्रीन निर्दोष होती, पहिलीही आणि दुसरीही. मग लॅपटॉपखाली दोन काड्यापेट्या ठेवून तो उचलला आणि बाजूला टेबलफॅन लावला. तासभर एक रेष आली नाही. फॅन बंद केला, पेट्या काढल्या, आणि थोड्याच वेळात रेषा हजर. दुसऱ्यांदा करून पाहिलं. तसंच.

उघडल्यावर आत जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. चिपची गरमी बाहेर नेणारी तांब्याची नळी पंख्यापाशी येते, तिथं बारीक जाळी असते. त्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा घट्ट थर बसला होता. चिमट्यानं ओढला तर अख्खा निघाला, घोंगडीच्या तुकड्यासारखा. सर कळमनुरीत कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारी भाड्यानं राहत होते. सगळा हंगाम त्यांच्या खिडकीतून रुई उडत आत येत होती. पंखा फिरत होता पण हवा जात नव्हती. चिपवरची, गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळून तिचा भुगा झाला होता. मी सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली, सलग तीन तास चालवून पाहिलं. हात लावला तर तळ जेमतेम कोमट.

आक्कानं मिनिटभरात जे सांगितलं होतं, त्याच्यापर्यंत मी अख्खी दुपार घालवून पोचलो होतो.

सर आले तेव्हा मी त्यांना तो कापसाचा थर कागदावर ठेवून दाखवला. "फार शोधावं लागलं," म्हणालो. "दोन बिघाड होते. स्क्रीनचा एक, अन् हा दुसरा." हे पहिलं खोटं.

ते थर हातात घेऊन निरखत राहिले. म्हणाले, "तुमच्या बहिणीनं त्या दिवशी तापण्याचं काढलं होतं ना?"

खरं सांगायला याच्याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. दार उघडून दिलेलं होतं, नुसतं आत जायचं होतं.

"ती आपली असंच म्हणाली," मी म्हणालो. "तापतंय हे कुणालाही कळतं. बिघाड शोधणं वेगळं."

सरांनी मान डोलावली. ते आनंदात होते, त्यांना घरी जाऊन लिहायचं होतं.

त्यानंतर माझं नाव झालं. सरांनी कळमनुरीत दहा जणांना सांगितलं. स्क्रीनवर रेषा आल्या, काळं पडलं, रंग फाटले, की लोक नांदेडला न जाता माझ्याकडं यायचे. मी आधी तळाला हात लावायचो, जाळीपाशी बोट धरून हवा बघायचो, विचारायचो, सकाळी चालतो का, गादीवर ठेवता का. हे सगळे प्रश्न आक्काचे होते. लोक मला म्हणायचे, सर, तुमच्या नुसत्या हाताला कळतं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी जवळा बाजारला गेलो. ओवाळून झालं, जेवणं झाली. दाजी ओसरीत कापसाच्या गाठोड्यांपाशी बसले होते. आक्का ताट उचलता उचलता म्हणाली, "इथं बाजारात आता मोबाईल लई झालेत. दोन-चार जणांकडं लॅपटॉप बी आलेत. बिघडले की हिंगोलीला पळतात. पुढची खोली रिकामीच हाय. मी बसले तर?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"तू मला पंधरा दिवस दाखव," ती म्हणाली. "नवं काय ते. अन् यांना एक शब्द सांग. तू म्हणलास तर हे न्हाई म्हणणार न्हाईत."

दाजींनी खरोखरच मला विचारलं. ओसरीतच, साध्या मनानं. "काय म्हणता तुमी? जमंल का तिला?"

तिला जमेल का! बापूंनंतर आमच्या घरात ज्या एका माणसाला हे काम जमत होतं, त्याच्याबद्दल मला विचारत होते. आणि माझ्या मनात काय आलं ते मी लपवत नाही. मला वाटलं, ही बसली तर पहिला तापलेला लॅपटॉप हिच्याकडं येईल, ही तळाला हात लावेल, आणि सरांसारखं कुणीतरी हसून म्हणेल, अरे, हे तर हिलाच येतं.

"कशाला व्याप, दाजी," मी म्हणालो. "घर, शेत, पोरं. अन् बायामाणसाकडं दुरुस्तीला कोण देतंय?"

दाजी म्हणाले, "ते बी खरंच." आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला आणि परत सुरू झाला. निघताना आक्कानं मला करंज्यांचा डबा दिला, नेहमीसारखा.

पुढं दीड-दोन वर्षांनी कळमनुरीचे सर पेढे घेऊन दुकानात आले. पीएचडी मिळाली होती. काळ्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची प्रबंधाची एक प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्यासाठी. पान उघडून बघा." ऋणनिर्देशाचं पान होतं. ज्या बायांनी ओव्या सांगितल्या त्या प्रत्येकीचं नाव, गाव. मार्गदर्शक, पत्नी, आई. आणि शेवटी माझं नाव: ज्यांच्या अचूक निदानामुळे हे लेखन वाचलं.

मी ते दोनदा वाचलं. सर माझ्या चेहऱ्याकडं पाहत होते. त्यांना वाटलं मला गहिवरून आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पेढा खाल्ला.

पण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. प्रत आणून ठेवली होती त्या कपाटाकडं मी बघायचं टाळायला लागलो. चार-पाच दिवसांनी दुकान बंद ठेवलं, प्रत पिशवीत घातली आणि जवळा बाजारला गेलो. बाजाराचा दिवस होता. आक्का पुढच्या खोलीत अंगणवाडीची धान्याची पोती मोजत होती. मदतनीस म्हणून लागून तिला वर्ष झालं होतं, हे मला माहीत होतं, पण तिला कामावर बघत होतो पहिल्यांदा.

मी तिला पान उघडून दिलं. तिनं सावकाश वाचलं. मग मी सगळं सांगितलं: मॉनिटर, काड्यापेट्या, कापसाचा थर, सरांनी विचारलं ते, मी उत्तर दिलं ते. दाजींपुढं तसं काहून बोललो, तेही.

तिनं प्रत मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "कापूस निघाला व्हय? मला वाटलं पंखाच जळाला असंल."

"आक्का, मी चुकलो."

"नाव छापलं त्याची मला काही तकलीफ न्हाई," ती म्हणाली. "बापूंनी बी पडद्याआडच बसवलं. पण गिऱ्हाईक गेलं की आत यायचे अन् विचारायचे, काय झालतं गं, मला सांग. मी सांगायचे, ते ऐकायचे. तू विचारलं बी न्हाईस. चहा ठेव म्हणलास."

मी म्हणालो, खोली अजून आहे, मी सगळी हत्यारं आणून देतो, पंधरा दिवस काय महिनाभर येऊन बसतो, दाजींशी आत्ता बोलतो. ती ऐकून घेत होती, पण तिचा हात पोत्याच्या तोंडाची सुतळी बांधत होता.

"आता न्हाई रे," ती म्हणाली. "तेव्हा लई मन व्हतं. त्या दिवाळीत तू गेल्यावर आठ दिवस मी हिशेब मांडून राहिले व्हते, टेबल कुठं, लाईट कुठून. मग मनच उतरलं. आता हे बरं हाय. लेकरं येतात, त्यांना मी आवडते."

तिनं मला जेवू घातलं. जेवताना आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलं.

येताना ठरवलं, निदान सरांना तरी खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या कॉलेजात गेलो. कळलं की सरांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात जागा मिळाली, घर हलवून ते आठवड्यापूर्वीच गेले. त्यांचा जुना मोबाईल नंबर लागत नव्हता. एक पत्र लिहून कॉलेजच्या पत्त्यावर ठेवलं, त्यांच्याकडं पाठवा म्हणून. ते पोचलं की नाही ठाऊक नाही. उत्तर आलं नाही.

आता कुणी माझ्याकडं तापलेला लॅपटॉप आणला आणि माझ्या हाताचं कौतुक केलं, तर मी सांगतो की हे माझ्या बहिणीचं आहे. लोक "अस्सं का" म्हणतात आणि किती वेळ लागेल ते विचारतात.

आक्का माहेरी येते. आईपाशी बसते, माझ्या बायकोशी हसून बोलते, माझ्यावर तिचा राग असल्याचं कधी जाणवलं नाही. डबा मात्र आता बायको आणून देते. आक्का आली की मी म्हणतो, दुकानात ये, एक मशीन अडलंय, जरा बघ. ती म्हणते, "व्हय, येते की." मी दुपारभर वाट बघतो.